काळी दलदल आणि एरी सरोवर

शेताला खत घालावयाचें आणि शेतांतून पीक घ्यावयाचें, एवढाच शेतकऱ्याचा व जमिनीचा देण्याघेण्याचा व्यवहार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या व्यवहारांत तिसरा एक भागीदार असतो, आणि तो म्हणजे बांधापलीकडून वाहणारा ओढा. तो कधीं मागावयास येत नाहीं. परंतु प्रत्येक पावसांत आपला वांटा मुकाट्यानें उचलून नेतो. एका शेतांतून तो काय नेतो हें पाहूं गेल्यास तें अगदीं क्षुल्लक दिसतें. परंतु हजारों शेतांचे ओढे एका नदीस मिळाले आणि ती नदी एका उथळ सरोवरांत जाऊन विसावली, म्हणजे या क्षुल्लकाचें काय होतें, याचा इतिहास उत्तर अमेरिकेंतील मॉमी नदीच्या कांठीं गेल्या दोनशें वर्षांत घडला आहे. हा इतिहास एखाद्या दुष्टाच्या दुष्कृत्याचा नाहीं. कष्टाळू माणसांनीं पिढ्यान्पिढ्या जीं जीं कामें चांगलीं म्हणून केलीं, त्यांचाच तो इतिहास आहे. आणि म्हणूनच तो विचार करण्यासारखा आहे.

अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें आणि कॅनडा यांच्या सीमेवर गोड्या पाण्याचीं पांच प्रचंड सरोवरें आहेत. त्यांपैकीं एरी हें सर्वांत दक्षिणेकडचें आणि सर्वांत उथळ. त्याचें क्षेत्रफळ सुमारें २५,७०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे पुणें व सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले तर जेवढा प्रदेश होईल, जवळजवळ तेवढें हें पाणी पसरलेलें आहे. असें असून त्याची सरासरी खोली अवघी १९ मीटर, आणि पश्चिमेकडच्या टोंकाला तर ती सात-आठ मीटरांच्या वर नाहीं. उथळ भांड्यांतलें दूध लवकर तापतें, तसें हें पश्चिमेचें पाणी उन्हाळ्यांत लवकर तापतें. याच टोंकाशीं टोलेडो नांवाचें शहर आहे आणि तेथेंच मॉमी नदी सरोवरास मिळते. इंडियाना संस्थानांतील फोर्ट वेन या गांवीं दोन नद्यांच्या संगमांतून ती निघते व सुमारें २२० किलोमीटर वाहून ओहायो संस्थानांत सरोवराला येऊन मिळते. नदी लांबीला मोठी नाहीं. परंतु पांचही सरोवरांस मिळणाऱ्या नद्यांमध्यें हिचें खोरें सर्वांत मोठें आहे, आणि त्यांतील सुमारें तीन चतुर्थांश जमीन आज लागवडीखालीं आहे.

दोनशें वर्षांपूर्वीं येथें शेत नव्हतें, दलदल होती. हिमयुगाच्या शेवटीं बर्फ मागें हटला, तेव्हां आजच्या एरी सरोवराहून विस्तीर्ण असें एक सरोवर या भागांत पसरलें होतें. तें पुढें आटलें. पण त्याचा तळ मागें राहिला. हा तळ ताटासारखा सपाट आणि बारीक चिकणमातीचा होता. पावसाचें पाणी त्यांतून खालीं मुरेना, आणि उतार नसल्यामुळें वाहूनही जाईना. त्यावर एल्म, अ‍ॅश, ओक अशा वृक्षांचें घनदाट अरण्य माजलें आणि वर्षांतील बरेच महिने त्या झाडांच्या बुंध्यांशीं पाणी सांचून राहूं लागलें. सुमारें दोनशें किलोमीटर लांब व साठ-पासष्ट किलोमीटर रुंद अशा या प्रदेशास गोऱ्या वसाहतवाल्यांनीं 'मोठी काळी दलदल' असें नांव दिलें. तिच्या परिसरांत ओडावा वगैरे मूळ रहिवासी लोक शिकार, मासेमारी व थोडा मका यांवर राहत असत. १८३० नंतरच्या दशकांत त्यांच्या जमिनी करारांनीं काढून घेऊन त्यांस पश्चिमेकडे पाठविण्यांत आलें.

नव्या लोकांना ही दलदल म्हणजे एक शापच वाटला. १८१२ च्या युद्धांत जनरल हल याच्या सैन्याला डेट्रॉइटकडे जातांना या अरण्यांतून झाडें तोडीत वाट काढावी लागली. पुढें दलदलींतून रस्ता झाला, पण तो इतका वाईट, कीं त्याच्या एकतीस मैलांत एकतीस खाणावळी होत्या असें सांगतात. कारण प्रवाशाची गाडी दिवसाकाठीं जेमतेम मैलभर पुढें सरके. डांस अपार होते, आणि हिंवतापानें घरेंच्या घरें अंथरुणाला खिळत. भोंवतालचा मुलूख वसत गेला तरी ही काळी पट्टी कितीएक वर्षें तशीच ओसाड राहिली. परंतु ज्यांनीं तिच्यांतली एखादी उंचवट्याची जागा साफ करून पेरून पाहिली, त्यांच्या ध्यानांत एक गोष्ट आली. हजारों वर्षें कुजलेल्या पानांनीं ही माती कमालीची सुपीक झाली होती. तिला दोष असा एकच, तो पाण्याचा.

मग पाणी काढून देण्याचा उद्योग सुरू झाला. एका शेतकऱ्यानें चर खणला तर पाणी शेजाऱ्याच्या शेतांत शिरे. म्हणून हें काम एकट्यादुकट्याचें नव्हतें. १८५९ सालीं ओहायो संस्थानानें कायदा करून गांवोगांवचे चर सार्वजनिक खर्चानें खणण्याचा व तो खर्च लाभ घेणाऱ्यांवर बसविण्याचा अधिकार जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस दिला. उघड्या चरांच्या पाठोपाठ जमिनीखालच्या नळ्या आल्या. भाजलेल्या मातीचे हातभर लांबीचे नळ एकापुढें एक असे जमिनींत पुरावयाचे. त्यांच्या सांध्यांतून पाणी आंत शिरतें आणि नळांतून चराकडे वाहतें. ही रीत जॉन जॉन्स्टन नांवाच्या शेतकऱ्यानें स्कॉटलंडहून न्यूयॉर्क संस्थानांत आणली होती. काळ्या दलदलींत नळ भाजावयास चिकणमाती पायांखालीं होती, आणि भट्टीला लाकूड डोक्यावर होतें. १८८० च्या सुमारास त्या भागांत नळांचे पन्नासांवर कारखाने झाले. पुढें बोलिंग ग्रीन गांवच्या जेम्स हिल यानें वाफेवर चालणारें चर खणण्याचें यंत्र तयार केलें व १८९४ सालीं त्याचें पेटंट घेतलें. शतक संपतां संपतां दलदल जवळजवळ नाहींशी झाली. हिंवताप गेला, रस्ते झाले, शाळा झाल्या, आणि जेथें गाडीचें चाक रुतत होतें तेथें गहूं व मका डोलूं लागला. जमिनीवर पाहणाऱ्यास एक नदीहि नवी दिसत नव्हती. परंतु जमिनीखालीं हजारों मैल लांबीची एक नवी नदी तयार झाली होती.

येथें क्षणभर थांबून दलदल काय काम करीत होती हें पाहिलें पाहिजे. तिच्यांत आलेलें पाणी आठवडेच्या आठवडे थांबे. तेवढ्या अवधींत गाळ तळाशीं बसे. गाळाला चिकटलेलें स्फुरद त्याच्याबरोबर खालीं राही. विरघळलेलें पुष्कळसें गवत व झाडें शोषून घेत. आणि नत्राचा मोठा भाग चिखलांतील सूक्ष्म जंतु वायुरूपानें हवेंत परत सोडीत. थोडक्यांत, दलदल ही सरोवराच्या दारांतील गाळणी होती. ती काढून टाकतांना कोणाला गाळणी काढल्याची जाणीव नव्हती. आणि नसणें साहजिक होतें, कारण त्या वेळीं गाळावयाचें असें फारसें कांहीं येतच नव्हतें. तें पुढें यावयाचें होतें.

तें कोठून आलें हें समजण्यासाठीं अटलांटिक महासागर ओलांडून युरोपांत जावें लागतें. १८४० सालीं यूस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें असें प्रतिपादिलें, कीं वनस्पति जमिनींतून खनिज द्रव्यें घेतात आणि पिकाबरोबर गेलेलीं हीं द्रव्यें परत केलीं नाहींत तर जमीन निःसत्त्व होते. १८४२ सालीं इंग्लंडमध्यें जॉन बेनेट लॉज यानें गंधकाम्लाच्या साह्यानें सुपर-फॉस्फेट नांवाचें खत करण्याचें पेटंट घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं आपल्या रॉथॅमस्टेड येथील शेतावर जोसेफ हेन्री गिल्बर्ट याच्या सहकार्यानें खतांचे प्रयोग सुरू केले. हे प्रयोग आजही चालू आहेत. तेथील ब्रॉडबॉक नांवाच्या गव्हाच्या शेतांत १८४९ सालीं प्रत्येक पट्ट्याखालीं निचऱ्याचे नळ पुरण्यांत आले. १८६० नंतर त्या नळांतील पाणी तपासून पाहतां आढळलें, कीं ज्या पट्ट्याला नत्राचें खत अधिक घातलें होतें त्याच्या नळांतून नत्रहि अधिक वाहत होतें. खत शेतांतच राहतें ही समजूत इतक्या लवकर खोटी ठरली होती. पण ती ठरली नत्राच्या बाबतींत. स्फुरदाविषयीं अनुभव वेगळा होता. तें मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतें आणि नळाच्या पाण्यांत फारसें उतरत नाहीं, असें दिसून आलें. त्यावरून शेतीच्या शास्त्रांत एक विश्वास रूढ झाला, कीं स्फुरद म्हणजे कृपणाच्या हातांतलें धन. माती तें सोडावयाची नाहीं. माती वाहून गेली तरच तें जाईल. म्हणून माती राखली म्हणजे झालें. हा विश्वास शंभर वर्षें टिकला, आणि पुढील कथेचा गाभा त्यांतच आहे.

विसाव्या शतकांत एरी सरोवराच्या कांठीं शहरें वाढलीं, कारखाने वाढले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक खतें मुबलक व स्वस्त झालीं. मॉमीच्या खोऱ्यांत मका व सोयाबीन हीं दोन पिकें सर्वत्र पसरलीं. सरोवरांत पहिली भयसूचक खूण दिसली ती १९५३ सालीं. पश्चिम भागाच्या तळाशीं चिखलांत राहणारी एक कीड असते. तिला पंख फुटले म्हणजे उन्हाळ्यांत ती लाखोंच्या संख्येनें वर येऊन एखाद्या दिवसांत मरते, आणि मासे तिच्यावर पोसतात. त्या सालच्या सप्टेंबरांत हवा पडलेली होती, पाणी स्तब्ध होतें, आणि तळाचा प्राणवायु संपून गेला. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या ब्रिट नांवाच्या अभ्यासकाला तळाच्या चिखलांत या किड्यांचीं प्रेतें आढळलीं. पुढील चाळीस वर्षें त्या किड्यांचे थवे तेथें जवळजवळ दिसेनासे झाले. कारण सरळ होतें. पाण्यांत पोषक द्रव्यें वाढलीं कीं शेवाळ माजतें. शेवाळ मरून तळाशीं बसतें. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाऊन टाकतें. आणि मग तळाशीं राहणाऱ्या जीवांना श्वासच उरत नाहीं. अति तेथें माती म्हणतात, त्याप्रमाणें पोषणाच्या अतिरेकानेंच उपासमार होते.

१९६० नंतरच्या दशकांत किनाऱ्यावर सडलेल्या शेवाळाचे ढीग लागूं लागले, आणि 'एरी सरोवर मेलें' असें वर्तमानपत्रें लिहूं लागलीं. १९६९ च्या जून महिन्यांत क्लीव्हलंड येथें सरोवरास मिळणाऱ्या कायाहोगा नदीवरील तेलकट घाणीनें पेट घेतला, तेव्हां सारा देश खडबडून जागा झाला. डेट्रॉइट वगैरे शहरांचें मैलापाणी आणि घरोघर कपडे धुण्यासाठीं वापरली जाणारी फॉस्फेटयुक्त पूड, हीं स्फुरदाचीं मोठीं उगमस्थानें असल्याचें तज्ज्ञांनीं सांगितलें. पूड करणाऱ्या कारखानदारांच्या बाजूनें असा वाद घालण्यांत आला, कीं शेवाळाला कर्ब लागतो, स्फुरदाला उगाच दोष दिला जात आहे. या वादाचा निकाल कॅनडांतील डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञानें एका साध्या प्रयोगानें लावला. १९७३ सालीं त्यानें एका लहान तळ्याच्या मध्यावर पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागांत कर्ब व नत्र घातलें. दुसऱ्यांत कर्ब, नत्र आणि स्फुरद घातलें. कांहीं आठवड्यांत दुसरा भाग हिरवागार झाला आणि पहिला होता तसा निर्मळ राहिला. विमानांतून घेतलेलें त्या तळ्याचें छायाचित्र पाहिल्यावर वादाला जागा उरली नाहीं.

तत्पूर्वींच, १९७२ च्या एप्रिलमध्यें, अध्यक्ष निक्सन व कॅनडाचे पंतप्रधान ट्रूडो यांनीं सरोवरांच्या पाण्याविषयींच्या करारावर सह्या केल्या होत्या. शहरोशहरीं मैलापाणी शुद्ध करण्याचे कारखाने उभारले गेले व धुण्याच्या पुडींतील फॉस्फेटावर निर्बंध आले. १९६८ सालीं एरी सरोवरांत सुमारें २९ हजार टन स्फुरद येत होतें; १९७८ सालीं तें ११ हजार टनांवर आणण्याचें ठरलें, आणि १९८० नंतर थोड्याच वर्षांत तें साधलें. पाणी निवळलें, मासे परत आले, आणि १९९० नंतर ते पंखवाले किडेहि पुन्हां दिसूं लागले. 'लोरॅक्स' नांवाच्या १९७१ सालच्या मुलांच्या एका प्रसिद्ध पुस्तकांत एरी सरोवराच्या दुर्दशेचा उल्लेख होता. पाणी सुधारल्यावर ओहायोंतील अभ्यासकांनीं ग्रंथकारास पत्र लिहून तें कळविलें, आणि त्यानें पुढील आवृत्त्यांतून तो उल्लेख काढून टाकला. दोन राष्ट्रांनीं मिळून एक मरणारें सरोवर वांचविलें, असें त्या वेळीं सर्व जग म्हणत होतें, आणि तें खोटें नव्हतें.

परंतु कायद्याची एक बाजू उघडी राहिली होती. १९७२ च्या अमेरिकन कायद्यानें नळाच्या तोंडाशीं उभें राहून 'यांतून काय येतें' हें विचारण्याचा अधिकार सरकारास दिला. कारखान्याला नळ असतो, शहराला नळ असतो. त्यांना परवाना देतां येतो, दंड करतां येतो. पावसाबरोबर शेतांतून वाहून येणारें पाणी मात्र या परवान्यांच्या बाहेर ठेवण्यांत आलें. एका अर्थानें तें समजण्यासारखें होतें. कारण पाऊस कोणाच्या शेतांतून किती स्फुरद घेऊन गेला, हें कोणी कसें मोजावें?

मोजणारा एक मनुष्य होता. ओहायोंतील टिफिन या लहानशा गांवच्या हायडलबर्ग महाविद्यालयांत डेव्हिड बेकर हे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेनें १९७५ च्या आगेमागें मॉमी व सँडस्की या नद्यांचे पाणी रोजच्या रोज बाटल्यांत भरून तपासण्याचें काम हातीं घेतलें, आणि तें आजतागायत चालूं ठेवलें. पुराच्या दिवशीं, बर्फाच्या दिवशीं, सुटीच्या दिवशींहि बाटली भरली जाते. इतकें नीरस काम दुसरें नसेल. परंतु पुढें जें उघडकीस आलें तें या वहीमुळेंच.

शेतकऱ्यांना सांगण्यांत आलें होतें, कीं माती राखा म्हणजे स्फुरद राहील. त्यांनीं तें ऐकलें. १९८० नंतर खोऱ्यांतील पुष्कळ शेतकऱ्यांनीं नांगरणी कमी केली. कित्येकांनीं ती अजिबात सोडली आणि मागील पिकाचीं धसकटें तशींच ठेवून त्यांतच पेरणी सुरू केली. जमिनीची धूप घटली, नद्यांतील गाळाबरोबर जाणारें स्फुरदहि कमी झालें. बेकर यांच्या वहींत हें स्पष्ट दिसतें. पण त्याच वहींत दुसरा एक रकाना होता, पाण्यांत विरघळून जाणाऱ्या स्फुरदाचा. तो आंकडा वीस वर्षें उतरत होता. १९९५ च्या सुमारास तो फिरला आणि वर चढूं लागला. नेमक्या त्याच वर्षापासून पश्चिम एरींत निळ्या-हिरव्या शेवाळाचा तवंग पुन्हां दिसूं लागला. गाळाला चिकटलेल्या स्फुरदापैकीं थोडाच भाग शेवाळाला लगेच वापरतां येतो. विरघळलेलें स्फुरद म्हणजे मात्र तयार वाढलेलें ताट होय.

हें कां घडलें? एकच कारण सांगतां येत नाहीं. नांगर बंद झाला, म्हणून खत जमिनींत मिसळेनासें झालें. तें वरच्या दोन बोटें थरांतच सांचूं लागलें, आणि पावसाचें पाणी प्रथम त्याच थराला भेटतें. शेतें मोठीं झालीं, माणसें कमी झालीं, आणि वेळ वांचविण्यासाठीं पुष्कळ खत पीक नसलेल्या शरद ऋतूंत व हिंवाळ्यांत पसरलें जाऊं लागलें. न नांगरलेल्या चिकणमातींत गांडुळांचीं बिळें व मोठ्या भेगा टिकून राहतात. त्यांतून पाणी मातीला न भेटतांच थेट खालच्या नळांत उतरतें. मातीच्या नळांऐवजीं प्लास्टिकच्या लांबच लांब नळ्या आल्या. त्या यंत्रानें झपाट्यानें पुरतां येत असल्यानें रांगा जवळजवळ आल्या. पशुपालनाचे मोठे कारखाने उभे राहिले आणि तेथील खत जवळच्याच शेतांवर पडूं लागलें. शिवाय वसंत ऋतूंतील पाऊस पूर्वींपेक्षां जोरानें पडूं लागला आहे. १९९० च्या आधीं बाहेरून आलेल्या शिंपल्यांनीं सरोवराच्या आंतला व्यवहारहि बदलून टाकला. यांपैकीं प्रत्येक कारण लहान आहे. सर्व मिळून मोठें झालें.

याच सुमारास, १९९५ सालीं, रॉथॅमस्टेडच्या त्याच ब्रॉडबॉक शेतांतून एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध झाला. दीडशें वर्षें खत घातलेल्या पट्ट्यांच्या नळांचें पाणी तपासतां असें आढळलें, कीं जमिनींतील उपलब्ध स्फुरद एका मर्यादेपर्यंत वाढलें तरी नळांत फारसें कांहीं उतरत नाहीं. परंतु ती मर्यादा ओलांडली, त्या शेतांत ती किलो मातीमागें सुमारें ६० मिलिग्रॅम होती, म्हणजे गळती एकदम वाढते. कृपणाचा हातहि भरल्यावर सांडूं लागतो. शंभर वर्षांचा विश्वास खोटा नव्हता. तो अपुरा होता.

यानंतर घटना भराभर घडल्या. २०११ सालीं सरोवरावर शेवाळाचा तोंपर्यंतचा सर्वांत मोठा तवंग पसरला. आणि २०१४ च्या ऑगस्टच्या २ तारखेस, शनिवारीं पहाटे, टोलेडोच्या सुमारें पांच लाख लोकांना अशी ताकीद देण्यांत आली, कीं नळाचें पाणी पिऊं नका, त्यानें स्वयंपाक करूं नका, आणि तें उकळूं तर मुळींच नका. या शेवाळांत यकृताला अपाय करणारें विष असतें. तें उकळल्यानें नष्ट होत नाहीं, उलट पाणी आटल्यामुळें अधिक तीव्र होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें लिटरांत एक मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा घालून दिली आहे. शहराच्या शुद्ध केलेल्या पाण्यांत ती ओलांडली गेली होती. कांहीं तासांत दुकानांतील पाण्याच्या बाटल्या संपल्या, लोक शेजारच्या संस्थानांत पाण्यासाठीं धांवले, आणि सैनिकांना पाणी वांटावयास यावें लागलें. ४ तारखेस ताकीद उठली. पृथ्वीवरील सर्वांत मोठ्या गोड्या पाण्याच्या सांठ्यांपैकीं एकाच्या कांठावर बसलेलें शहर तीन दिवस पाण्याला महाग झालें होतें.

दोष कोणाला द्यावा? येथें या प्रश्नाची खरी अडचण दिसते. मॉमीच्या खोऱ्यांतून वाहून जाणारें स्फुरद वांटून पाहिलें तर तें एकरी सुमारें अर्ध्या किलोच्या आसपास पडतें. शेतकऱ्याच्या हिशेबांत ही तूट दिसत सुद्धां नाहीं; तेवढ्यानें त्याचें पीक घटत नाहीं, तें वांचविल्यानें पैसाहि वांचत नाहीं. आणि त्यांतील कित्येक शेतकरी जरुरीपेक्षां अधिक खत घालीतहि नाहींत. परंतु एक किलो स्फुरद पाण्यांत शेंकडों किलो शेवाळ वाढवूं शकतें. वरच्याला जें नगण्य, तें खालच्याला प्राणघातक. आणि दोघांची गांठ कधींच पडत नाहीं. २०१९ च्या फेब्रुवारींत टोलेडोच्या मतदारांनीं एरी सरोवराला स्वतःचे हक्क आहेत असा नियम बहुमतानें संमत केला. एका शेतकरी कुटुंबानें त्याविरुद्ध दावा लावला, आणि पुढच्या वर्षीं न्यायालयानें तो नियम संदिग्ध म्हणून रद्द केला. तंटा न्यायालयांत मिटण्याजोगा नव्हता.

२०१६ सालीं दोन्ही राष्ट्रांनीं एक ध्येय ठरविलें, कीं मॉमींतून मार्च ते जुलै या महिन्यांत येणारें स्फुरद २००८ सालच्या मानानें ४० टक्क्यांनीं घटवावें. म्हणजे एकूण ८६० टन व त्यांपैकीं विरघळलेलें १८६ टन, यापुढें तें जाऊं नये. गोठलेल्या किंवा पाण्यानें भरलेल्या जमिनीवर खत पसरण्यास ओहायोनें या खोऱ्यांत बंदी केली, आणि २०१९ पासून खत जमिनीच्या आंत घालणाऱ्या, चराकांठीं गवताचा पट्टा राखणाऱ्या शेतकऱ्यांस सरकारी पैसा मिळूं लागला. त्याच वर्षीं निसर्गानेंहि एक प्रयोग करून दाखविला. वसंतांत इतका पाऊस झाला, कीं लाखों एकर जमीन पेरतांच आली नाहीं, आणि म्हणून तिला खतहि पडलें नाहीं. त्या वर्षीं विरघळलेलें स्फुरद अपेक्षेपेक्षां सुमारें २९ टक्क्यांनीं कमी आलें. यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. नवें खत आवरलें तर नदी लगेच ऐकते, ही एक. आणि खत पुष्कळसें थांबूनहि स्फुरद मोठ्या प्रमाणांत येतच राहिलें, म्हणजे बापजाद्यांनीं घातलेल्या खताचें देणें जमिनींत अद्याप शिल्लक आहे, ही दुसरी. २० टक्के घट २०२० पर्यंत व्हावी असा पहिला टप्पा होता. तो गांठतां आला नाहीं, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यांतहि सरोवर हिरवें झालें आहे.

विल्यम मिश या पाणथळ जमिनींच्या अभ्यासकानें एक उपाय सुचविला आहे, तो ऐकून काळ्या दलदलीचे पहिले वसाहतवाले चकित झाले असते. त्यांचें म्हणणें असें, कीं मूळ दलदलीचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारें एक लाख एकर जमीन, पुन्हां पाणथळ करावी, आणि नळांचें पाणी सरोवरांत जाण्यापूर्वीं तिच्यांत थांबवावें. ओहायोंत लहान लहान तुकड्यांवर असें काम सुरूहि झालें आहे. ज्या पाण्याला घालवावयास तीन पिढ्या खपल्या, त्यालाच आतां पाहुण्यासारखें थांबवून घेण्याचे बेत चालले आहेत.

दलदल उपसणारा मनुष्य चुकला नव्हता. त्याचीं मुलें हिंवतापानें मरत होतीं. खत शोधून काढणारा चुकला नव्हता. भुकेलेल्या जगाला धान्य हवें होतें. नांगर टाकून माती राखणारा तर शहाण्यांनीं सांगितलें तेंच करीत होता. प्रत्येकानें आपल्या बांधाच्या आंत पाहिलें आणि तेथें त्याचें बरोबर होतें. पाणी मात्र बांध मानीत नाहीं. खोऱ्यांतील सर्वांचा जमाखर्च तें एकाच खात्यांत मांडतें, आणि तें खातें अखेरीस कोणाच्या तरी घरच्या नळापाशीं उघडतें. टिफिन गांवच्या प्रयोगशाळेंत आजही नदीचें पाणी बाटलींत भरलें जात आहे. खोऱ्यांतील लोक आपल्या शेताबरोबर ती वहीहि वाचावयास शिकतील, त्या दिवशीं सरोवराचें अर्धें दुखणें बरें झालेलें असेल.